दिवेलागणीनंतरचा बर्फ

बातमी कळली तेव्हा माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता. श्टुटगार्टला विद्यापीठाच्या एस-बान स्टेशनबाहेर आम्ही फीच्या विरोधातली पत्रकं वाटत उभे होतो; मी हातमोजे काढून, कारण हातमोज्यांनी एकेक कागद सुटत नाही. फोन रवीचा होता. रवी माझा मावसभाऊ. म्युनिकला असतो, मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्येच देतो. त्या दिवशी तो म्हणाला, "मामा इस्ट टोट." म्हणजे मामा गेला? ... जर्मन मुलं आईला 'मामा' म्हणतात हे मला इथे येऊन कधीच पाठ झालं होतं, तरी त्या क्षणी डोकं सांगलीला पळालं, आमच्या दोन मामांपैकी कुठला गेला ते शोधायला. रवी वाट बघत होता. मग मला कळलं. नलूमावशी. उरलेली पत्रकं मी तिथेच उभं राहून वाटून टाकली, जरा जोरातच, लोकांच्या हातात कोंबली म्हणा ना. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

हा लेख मी रडायला लिहीत नाही, आधीच सांगते. आमच्या इथल्या मराठी मंडळींनी मावशीसाठी एक छोटी शोकसभा घेतली, चहा होता, तिथे एक काकू मला जवळ घेऊन म्हणाल्या, "बर्फाचं मशीन ओढताना गेली ना गं बिचारी? एकटीच राहायची..." मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "तेच ते." तेच ते कसं? पुढच्या आठवड्यात पुण्याहून आईचा फोन, तिलाही तेच कळलेलं: म्हातारपणी हट्टाने मशीन चालवायला गेली, थंडी बाधली, मुलगा बोलवत होता तरी गेली नाही. एखाद्या बाईने स्वतःच्या घरात, स्वतःच्या मर्जीने राहून मरण्याची सोय आपल्या लोकांकडे नाहीच. तिला कुणीतरी किंवा कशानेतरी मारावंच लागतं. इथे मशीन सापडलं. तर त्या मशीनबद्दल आणि तिच्याबद्दल जे खरं आहे ते एकदा छापून यावं, म्हणून हा खटाटोप.

नलिनी माझ्या आईची सख्खी मोठी बहीण. सत्तरच्या दशकात सांगलीहून औषधशास्त्र शिकून इकडे आली आणि हेल्मुट नावाच्या माणसाशी लग्न करून राहिली. हेल्मुटकाका त्सुफेनहाउझेनच्या मोटार कारखान्यात होते. घर मात्र त्यांनी शहरात घेतलं नाही. श्टुटगार्टच्या दक्षिणेला जमीन एकदम वर चढते, तिथे पठार आहे, त्याला आल्ब म्हणतात. खाली पाऊस पडत असला की वर बर्फ. त्या पठारावरच्या एका लहान गावात, एका बोळात, शेवटून दुसरं घर. मावशीने पंचवीसेक वर्षं गावातल्या औषधांच्या दुकानात काम केलं. गावातल्या प्रत्येकाचा खोकला, मूळव्याध आणि झोप तिला माहीत होती, त्यामुळे तिच्याशी उद्धट बोलायची कुणाची टाप नव्हती. नवऱ्याला ती चारचौघांत 'अहो' म्हणायची. पलीकडच्या घरात राहणाऱ्या हेर, म्हणजे श्रीयुत, एबर्लेंना बरीच वर्षं वाटत होतं की हेल्मुटचं लाडाचं नाव 'आहो' आहे. तेही त्यांना कुंपणावरून 'आहो' अशीच हाक मारायचे, आणि हेल्मुटकाका ओ द्यायचे.

हेल्मुटकाका गेले तो पहिला हिवाळा मावशीने फावड्यावर काढला आणि पाठ धरून बसली. रवीने दोन पर्याय दिले: बर्फ काढायला कंत्राटदार लाव, नाहीतर म्युनिकला ये. तिने तिसराच निवडला. दुसऱ्या हिवाळ्याच्या आधी ती शेतीच्या अवजारांच्या दुकानात गेली आणि पेट्रोलवर चालणारं बर्फ उडवायचं मशीन घेऊन आली. इकडे त्याला श्नेफ्रेझे म्हणतात. पुढे दात असलेला फिरता स्क्रू, तो बर्फ खातो. वर धुरांड्यासारखं वाकडं तोंड, त्यातून तो लांब फेकतो. मागे दोन दांडे, ते सोडले की स्क्रू जागच्या जागी थांबतो. मावशी त्याला रेडा म्हणायची. "रेड्याला बाहेर काढते," असं म्हणून ती गॅरेजचं दार वर करायची, आणि खरंच, दोरी ओढल्यावर तो असा काही हुंकारायचा की दुसरं नाव सुचू नये.

मी पहिल्यांदा त्या घरी राहायला गेले ती सकाळ आठवते. मी नुकतीच पुण्याहून शिकायला आले होते. तिकडे चार वर्षं रस्ते, मोटारी, धूर यावर पत्रकं लिहिण्यात गेलेली. आणि इथे माझी सख्खी मावशी हेल्मुटकाकांचं जुनं जाकीट घालून, कानाला टोपी बांधून पेट्रोलचा धूर सोडत बोळभर फिरतेय. मी दारात उभं राहून ऐकवलं, जे काय ऐकवायचं ते. तिने मशीन बंद केलं, टोपी वर सरकवली.

"काय म्हणालीस? मला काही ऐकू आलं नाही."

मी सगळं पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना ते जरा बारीक झालं.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "तू पत्रकं वाट. मी वाट मोकळी करते. लोक घसरून पडले तर पत्रक घेणार कोण?" आणि दोरी ओढली.

तिच्याशी वाद घालण्यात हीच अडचण होती. ती 'बरोबर आहे तुझं' म्हणायची आणि स्वतःचं करत राहायची. ओला बर्फ मशीनच्या तोंडात अडकला की तो काढायला तिने पुरणाचा लाकडी डाव ठेवला होता, सांगलीहून आणलेला. त्यात हात घालायचा नाही, मशीन बंद असलं तरी नाही, हे तिने मला पहिल्याच दिवशी दम देऊन सांगितलं. सकाळी सातच्या आत वाट मोकळी पाहिजे असा गावाचा नियम, आणि सातच्या आत मोटर लावायची नाही हा हेर एबर्लेंचा. "मग बर्फाने पडायचं कधी तेही त्यांनाच ठरवू दे," असं पुटपुटत ती आधी फावड्याने माणूस जाईल एवढी पट्टी काढायची आणि सातनंतर रेडा. कधी चुकली नाही. मी झोपलेली असायचे, खाली फावड्याचा खर्रर्र आवाज यायचा, आणि मला अंथरुणात लाज वाटायच्या ऐवजी राग यायचा. साठी ओलांडलेल्या बाईकडून हे करून घेणाऱ्या गावाचा, नियमाचा, सगळ्याचा. तिला नाही आला कधी.

आता त्या बोळाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच घडलं. बोळ मावशीचा आणि एबर्लेंचा, दोघांत मिळून. इकडच्या या श्वाबेन भागात अशा सामाईक जागेची साफसफाई पाळीने करतात, एक आठवडा याचा, एक त्याचा. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकते. पाटीवर शब्द: केरवोखे. वोखे म्हणजे आठवडा. केर म्हणजे... केर. जर्मनमध्ये 'केरेन' म्हणजे झाडणं. मावशी इथे आली तेव्हा तिला जर्मन जेमतेम यायचं, सासूने दाराला ती पाटी अडकवली, आणि तिने पाटी वाचली. "मला वाटलं, चला, निदान एक शब्द तरी आपला आहे," ती सांगायची. आपल्याच घरच्या केराचा आठवडा. मग केराबरोबर केराचे नियमही आले. म्हणजे त्यांनी नाही आणले, तिने आणले. दिवे लागल्यावर केर काढायचा नाही. काढावाच लागला तर बाहेर टाकायचा नाही, कोपऱ्यात लोटून ठेवायचा, सकाळी टाकायचा. वाचकांना हे समजावून सांगायला नको.

मला ते हास्यास्पद वाटायचं. आजही वाटतं. लक्ष्मी अंधारात दार ओलांडून जाते आणि उजेडात जात नाही, हे कुठल्या हिशेबात बसतं? मावशीने उपास सोडले होते, मंगळसूत्र हेल्मुटकाका असतानाच काढून डब्यात ठेवलं होतं, गोमांसाचा रस्सा सासूच्या हातचा खाल्ला होता. मी विचारलं, मग हेच का?

"का म्हणजे? राहिलं."

"पण बर्फ म्हणजे केर नव्हे, मावशी. बर्फ आकाशातून पडतो."

"केर काय जमिनीतून उगवतो? आणि पाटीवर काय लिहिलंय बघ. मी नाही लिहिलं."

हेल्मुटकाका होते तोवर कुणाचं काही अडलं नाही. सकाळ तिची, संध्याकाळ त्यांची. तो नियम त्यांनी हसून मान्य केला होता, बहुतेक जेवणाआधी बाहेर एक सिगारेट ओढायला मिळायची म्हणून. ते गेल्यावर संध्याकाळ रिकामी झाली. आल्बवर डिसेंबरात चारनंतर दिवे लावावे लागतात. चारनंतर पडलेला बर्फ मावशीच्या आठवड्यात सकाळपर्यंत तसाच. एबर्ले खिडकीतून बघायचे, खोकायचे, कधी स्वतः येऊन थोडा झाडून जायचे, काही बोलायचे नाहीत. मीच एकदा तिला म्हटलं की कुणीतरी पडेल. ती म्हणाली, "दिवा लावलाय ना दारात." जसं काही दिव्याने बर्फ वितळतो.

आणि दोन हजार पाचच्या डिसेंबरात पडलंच कुणीतरी. फ्राउ एबर्ले, हेर एबर्लेंची बायको, चर्चच्या गायनाच्या तालमीहून घरी येताना, बोळाच्या मधोमध. मनगट मोडलं. मावशीच पहिली धावली, तिनेच फळी बांधून हात आधाराला लावला, गाडी येईपर्यंत स्वतःचं जाकीट त्यांच्या अंगावर घातलं. पाटी मावशीच्या दाराला होती. हे बोळात तिघांनाही माहीत होतं आणि तिघांपैकी कुणी ते बोललं नाही.

हेर एबर्ले बोलले, पण मावशीशी नाही. अडीअडचणीला म्हणून त्यांच्याकडे रवीचा नंबर दिलेला होता. त्यांनी म्युनिकला फोन लावला. हे ऐकून मावशीचा जो संताप झाला तो मी त्याआधी पाहिला नव्हता. फ्राउ एबर्लेंसाठी गवती चहा घालून काढा करत होती, पातेलं आपटलं. "पंचवीस वर्षं या माणसाला खोकल्याचं औषध देतेय. दार तीन ढांगांवर. मला शिव्या द्यायच्या होत्या तर इथे येऊन द्यायच्यास. मुलाला कशाला? मी मेलेय का?" पडलेल्या बाईचं तिला वाईट वाटत होतंच, ते ती लपवत नव्हती. पण आपली तक्रार आपल्याला ओलांडून आपल्या मुलाकडे गेली, हे तिला मनगटाएवढंच मोडलेलं वाटलं. आणि मला तर ते नुसतं वाटलं नाही, मला त्यात सगळं दिसलं: नवरा मेलेल्या बाईचा मालक कोण, तर मुलगा. हे तिकडे होतं म्हणून मी निघाले होते. जर्मनीत येऊन तेच.

रवी रविवारी आला. कॉफीच्या टेबलाशी आम्ही तिघं. तो जर्मनमध्ये, ती मराठीत, मध्ये मी, भाषांतराची गरज कुणालाच नव्हती तरी. रवी वाईट मुलगा नाही, हे लिहून ठेवते. तो घाबरला होता. त्याने त्याच्या घराजवळ एक दोन खोल्यांचा फ्लॅट बघून ठेवला होता, लिफ्ट आहे, बर्फ इमारतीचा माणूस काढतो.

"आणि मी काय करू? खिडकीतून त्याला बघू?" मावशी म्हणाली.

"आल्झो, तर मग, मामा, तू आराम कर," रवी म्हणाला.

"कशानंतरचा आराम?"

त्याने कप बशीत ठेवला. मग तो म्हणाला ते मात्र शांतपणे म्हणाला: उद्या कुणाचं डोकं आपटलं तर? तिला ते कळत होतं. ती टेबलावरचे केकचे कण तळहाताने गोळा करत राहिली. शेवटी ठरलं ते असं, की हा एक हिवाळा. बोळातून पुन्हा एक तक्रार आली तर वसंतात घर विकायला काढायचं आणि म्युनिक. मावशी म्हणाली, "गेनाऊ." तिने मराठीत 'हो' म्हटलं असतं तर मला कमी भीती वाटली असती. तिचं जर्मन हे दुकानातलं जर्मन होतं. ते बोलली की व्यवहार पक्का.

मी त्या रात्री होस्टेलवर परतले ती पत्रकाचा मजकूर डोक्यात घेऊनच. 'एकट्या बाईच्या घराचा हक्क', असं काहीतरी, दोन्ही बाजूंनी छापलेलं, बोळापासून चौकापर्यंत प्रत्येक टपालपेटीत. पुढच्या शनिवारी मी ते तिला वाचून दाखवलं. तिने पूर्ण ऐकलं. "चांगलं लिहितेस," म्हणाली. "छापलंस तर या घरात जेवायला मिळणार नाही." मी म्हटलं, मग तू काय करणार आहेस? संध्याकाळी बर्फ काढणार? नियम मोडणार? ती म्हणाली, "बघू." मी विचारलं, एवढं घर पणाला लागलंय आणि तू एका केरासाठी अडून बसलीस? त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला म्युनिकचा फ्लॅट दाखवतेय.

त्याच दुपारी बर्फ सुरू झाला. जाड, सरळ, न थांबणारा. पाटी तिच्या दाराला. चार वाजून गेले, मावशीने दारातला दिवा लावला, देव्हाऱ्यापुढचा लावला, आणि खिडकीशी येऊन उभी राहिली. बोळ भरत होता. मी मुद्दाम काही बोलले नाही. बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि भांडणात ती जिंकली असती, आणि बोळ तसाच राहिला असता. बराच वेळ ती आत-बाहेर करत राहिली. खुर्चीवर बसायची, उठायची. एकदा जाकीट घालून पुन्हा काढलं. मग पुन्हा घातलं, आणि गॅरेजचं दार वर गेल्याचा आवाज आला.

मी मागोमाग गेले. तिने रेड्याची दोरी ओढली नाही लगेच. मशीनच्या कडेला एक दांडी असते, ती फिरवली की वरचं तोंड वळतं आणि बर्फ कुठे पडायचा ते ठरतं. सकाळी ते तोंड नेहमी बाहेर असायचं, बोळाच्या टोकाशी ओहोळाच्या कडेला, जिथे सगळे टाकतात. मावशी ती दांडी फिरवत होती. फिरवत राहिली, तोंड पार उलटं होऊन तिच्याच फाटकाच्या दिशेला, तिच्याच परसाकडे येईपर्यंत.

"काय करतेयस?"

"काढते. बाहेर टाकत नाही. कोपऱ्यात ठेवते."

मला कळायला वेळ लागला. मग हसू आलं, ते दाबून मी म्हटलं, "मावशी, ही पळवाट आहे."

"वाट आहे ना? मग झालं," ती म्हणाली आणि दोरी ओढली.

ती बोळभर गेली आणि आली, आणि सगळा बर्फ कुंपणावरून तिच्याच परसात, प्लमच्या झाडाखाली जाऊन पडत राहिला. एबर्लेंच्या खिडकीचा पडदा हलला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्या ढिगातला एक फावडंभर बर्फ उचलून ओहोळापाशी नेऊन टाकला. एकच. बाकीचा तिथेच. मी विचारलं, हे काय? "सकाळी टाकायचा असतो ना," ती म्हणाली, जशी मी अगदीच बिनडोक. मी तेव्हा म्हटलेलं आताही म्हणते: त्यात काही अर्थ नव्हता. पण मी चार वर्षं पत्रकं लिहून दोन्ही बाजू राहतील असा एकही तोडगा काढला नव्हता, आणि तिने तो दांडी फिरवून काढला. म्हणून मला झोप लागली नाही, खरं सांगायचं तर.

त्या हिवाळ्यात बर्फ थांबतच नव्हता. बव्हेरियातून छपरं कोसळल्याच्या बातम्या यायच्या. मी जमेल तेव्हा वर जायचे आणि दर वेळी जिन्यातच मला धडकी भरायची, आज फोन आला असेल, तक्रार झाली असेल. नाही झाली. मावशी आपल्या आठवड्यात दिवे लावायची आणि बाहेर पडायची. परसातला ढीग प्लमच्या खालच्या फांद्यांना लागला. ती त्याला 'माझा केर' म्हणायची. एकदा फ्राउ एबर्ले प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून कुंपणाशी आल्या आणि विचारलं, हे आत का टाकता? मावशीने त्यांना सगळं समजावलं: दिवा, केर, कोपरा, सकाळ. लक्ष्मीचं जर्मन तिने काय केलं मला माहीत नाही, मी स्वयंपाकघरात होते. फ्राउ एबर्ले "या, या", म्हणजे हो, हो, म्हणत होत्या एवढं ऐकू आलं. आणि रवी दर रविवारी फोनवर विचारायचा, एबर्ले काही म्हणाले का? मावशी म्हणायची, "हवा चांगली आहे म्हणाले."

ती गेली फेब्रुवारीच्या अखेरीस, भर दुपारी, बसल्या खुर्चीत. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले, तिला कळलंही नसेल. त्या आठवड्यात बर्फ पडलाच नव्हता. रेडा गॅरेजमध्ये होता, पेट्रोलची टाकी बंद, तोंडाला डाव लावलेला. तिच्यापुढे अर्धा चहा होता आणि बाहेर ऊन. मशीनने नाही मारलं तिला, हट्टानेही नाही, एकटेपणाने तर नाहीच नाही. कुणाला 'बिचारी' म्हणायचंच असेल तर मला म्हणा. तिचा आधार गेला तो माझा.

अंत्यसंस्कार झाले, मार्च उजाडला, मी आणि रवी घर आवरायला गेलो, आणि पुन्हा तुफान बर्फ लागला. दोन दिवस आम्ही तिच्या साड्या, तिचे डबे, हेल्मुटकाकांचे कोट काढत होतो आणि दोघंही कशालाच धड हात लावत नव्हतो. एक डबा उघडायचा, बंद करायचा, दुसऱ्या खोलीत जायचं. दिवेलागणीला रवी खिडकीशी उभा होता. पाटी आमच्या दाराला होती. कुणी अडकवली कुणास ठाऊक, पण पाळी मावशीचीच होती. तो तिचं जाकीट घालून गेला, बाह्या आखूड होत होत्या, आणि मी बाहेर येईपर्यंत मशीन सुरू करून बोळात निघालासुद्धा. तोंड बाहेर, ओहोळाकडे. मी काही म्हणणार नव्हते. माझ्या तोंडून लक्ष्मी निघणं शक्य नव्हतं.

पलीकडचं दार उघडलं. हेर एबर्ले घरातल्या चपला घालून, टोपी न घालता बर्फातून चालत आले आणि हात आडवा केला. रवीने दांडे सोडले. मला वाटलं, आता हा माणूस आवाजावरून बोलणार, आजच्या दिवशी बोलणार, आणि माझ्या घशात पत्रक तयार झालं.

"नाइन. नाही," एबर्ले म्हणाले. "संध्याकाळी आत."

रवीला कळेना. एबर्लेंनी खाली वाकून स्वतः ती दांडी फिरवली, सावकाश, मावशी फिरवायची तशी, तोंड परसाकडे येईपर्यंत. "दिवे लागल्यावर आत. सकाळी बाहेर," ते म्हणाले, गावाच्या कचेरीतला नियम सांगावा तसं. "तुमच्या आईने सांगितलं नाही?" रवी माझ्याकडे बघायला लागला. मी एबर्लेंच्या परसाकडे बघत होते. कुंपणापलीकडे, त्यांच्या नाशपातीखाली, तसाच ढीग होता.

घर विकायचं की नाही ते रवीचं अजून ठरत नाही. मी मात्र अधूनमधून वर जाते, खिडक्या उघडते, तासभर इकडून तिकडे फिरते आणि परत येते. आता एप्रिल अर्धा झाला, बोळात बर्फ नाही, झाडायला नुसती खडी आणि गेल्या सालची पानं. परवा गेले तर पाटी पुन्हा मावशीच्या दाराला. एबर्ले बोळ झाडत होते. मी त्यांना म्हटलं, तुम्हीच झाडताय तर पाटी तुमच्याकडेच राहू दे ना, या घरात कुणी राहत नाही.

त्यांनी झाडू थांबवला आणि माझ्याकडे जरा तुसडेपणानेच बघितलं.

"पण हा आठवडा तिचा आहे," ते म्हणाले.